गोचीडताप, ग्रेहाउंड आणि आरंभीची शिल्लक

माझ्या टेबलावर एकाच कुत्रीच्या रक्ततपासणीचे दोन कागद आहेत. एक गेल्या वर्षी मार्गशीर्षातला, तिची नसबंदी करण्याआधीचा. दुसरा यंदाच्या श्रावणातला, ती आजारी पडल्यानंतरचा. दुसऱ्या कागदावर प्लेटलेटच्या आकड्यासमोर ठळक खूण आहे : 'कमी'. तांबड्या पेशींच्या आकड्यासमोर कसलीच खूण नाही, म्हणजे तो 'नॉर्मल'. प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलट होती. खूण होती तिथे फारसे काही बिघडलेले नव्हते, आणि खूण नव्हती तिथे कुत्रीचा जीव हळूहळू ओसरत होता. हे आमच्या लक्षात यायला बारा दिवस गेले.

ही कुत्री, हरणी, माझ्या मावसभावाची. भिवंडीत काल्हेरच्या बाजूला त्याची दोन गोदामे आहेत. हरणी तिथेच वाढली. जातीची ग्रेहाउंड, पण राखणीला पाळलेली नाही. पाच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाला ती सांभाळणे जमेना, म्हणून भावाने घरी आणली, आणि मग ती घरचीच झाली. मी पशुवैद्य नाही. तीस वर्षे इथल्या यंत्रमागवाल्यांच्या आणि गोदामवाल्यांच्या हिशेबवह्या लिहिल्या. उरलेल्या वेळात प्राण्यांच्या रोगांचा इतिहास वाचण्याचा नाद लावून घेतला. या लेखात औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. ती पशुवैद्याने प्राणी पाहून ठरवायची असते. तपासणीचा कागद कसा वाचावा आणि कुठे चुकतो, एवढेच मला सांगायचे आहे.

गोचीड आणि त्याची तीन जेवणे

गोचिडाशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. गायीच्या सडाशी चिकटूनही दूध सोडून रक्तच पिणाऱ्या गोचिडाचा दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात येतो. पण तो गोठ्यातला गोचीड. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड वेगळा. शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस. याचे वैशिष्ट्य असे की तो रानावनापेक्षा माणसाच्या बांधकामात जास्त सुखाने राहतो.

अंड्यातून बाहेर पडलेल्या बारीक पिल्लाला सहा पाय असतात. ते कुत्र्याचे रक्त पिते, गळून पडते, भिंतीच्या फटीत जाऊन कात टाकते आणि आठ पायांचे होते. पुन्हा कुत्रा शोधते, पुन्हा रक्त, पुन्हा फट. तिसऱ्या वेळी पूर्ण वाढलेला गोचीड कुत्र्यावर चढतो. मादी रक्त पिऊन द्राक्षाएवढी फुगते, खाली पडते, एखाद्या फटीत शिरते आणि हजारोंनी अंडी घालून मरते. एका मादीची अंडी चार हजारांपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे सबंध आयुष्यात तीन जेवणे, आणि मधला सगळा काळ भिंतीत. उपाशीपोटी तो कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड म्हणजे एकूण वस्तीचा अगदी थोडा भाग. बाकीची वस्ती फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, रखवालदाराच्या खाटेखाली असते.

भिवंडीची हवा त्याला मानवते. इथे थंडी अशी नसतेच, आणि पावसाळ्यात दमटपणा भिंतीभिंतींत मुरतो. गोदामांच्या रांगांत रखवालदार प्रेमाने गल्लीतली कुत्री सांभाळतात, ती एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात फिरतात. गोचीड मालकी हक्क पाहत नाही. घरच्या कुत्रीला कितीही नीट ठेवा, तिची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागूनच असते.

रोग गोचिडातून पसरतो हे विज्ञानाला पहिल्यांदा पटले ते गुरांमुळे. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ साली टेक्सास तापावरचे काम प्रसिद्ध केले. गुरांच्या तांबड्या पेशी फोडणारा परजीवी गोचीडच एका जनावरातून दुसऱ्यात नेतो, हे त्यांनी कुरणात वेगवेगळे वाडे बांधून, काहींत गोचीड सोडून आणि काहींत न सोडता दाखवून दिले. डास मलेरिया पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

भारतातच सापडलेले रोग

कुत्र्यांच्या गोचीडतापाचा इतिहास वाचताना मला सर्वांत आश्चर्य वाटले ते याचे, की यातले कितीतरी रोग पहिल्यांदा भारतातल्या कुत्र्यांत ओळखले गेले.

१९०५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या सिडनी प्राइस जेम्स यांनी कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत राहणाऱ्या एका परजीवीचे वर्णन केले. आज त्याला हेपॅटोझून कॅनिस म्हणतात. याची लागण गोचीड चावल्याने होत नाही. कुत्रा अंग चाटताना गोचीड गिळतो तेव्हा होते. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, क्रिस्टोफर्स यांनी कुत्र्याच्या रक्तातले परजीवी गोचिडाच्या पोटात कसे वाढतात ते मांडले. आणि १९१० साली वॉल्टर पॅटन यांनी मद्रास हंटच्या कुत्र्यांच्या रक्तात एक नवाच बारीक परजीवी पाहिला. मद्रास हंट म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांचा कोल्हे हाकणारा क्लब. तोच परजीवी पॅटन यांना पुढे कोल्ह्यांच्या रक्तातही सापडला. पाठलाग करणारा आणि पळणारा, दोघांच्या रक्तात एकच पाहुणा होता. आज त्याला बबेसिया गिब्सोनी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवावे, हरणीच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

चौथा रोग मात्र बाहेर ओळखला गेला. १९३५ साली अल्जीरियात दोनात्यें आणि लेस्तोकार यांनी कुत्र्यांच्या रक्तात एक जीवाणू पाहिला. आजचे नाव एर्लिचिया कॅनिस. तीस वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे जर्मन शेफर्ड नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येने मरू लागले आणि जग जागे झाले.

आपल्याकडे हे रोग किती पसरले आहेत? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या ५२५ भटक्या आणि आश्रयगृहातल्या कुत्र्यांचे रक्त तपासले होते. शेकडा ३० कुत्र्यांत हेपॅटोझून आणि सुमारे पाचव्या हिश्शात एर्लिचिया आढळला. गिब्सोनी जेमतेम सापडला. पण ही रस्त्यावरच्या कुत्र्यांची गोष्ट झाली. आजारी म्हणून दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांत गिब्सोनी सापडल्याच्या नोंदी देशभरातून आहेत. कोणाला मोजले यावर मोजणीचे उत्तर ठरते. हा मुद्दा या लेखात पुन्हा पुन्हा येईल.

चार तपासण्या, चार वेगळे प्रश्न

श्रावणात हरणी जिना चढताना मध्येच थांबू लागली. ताप यायचा आणि आपोआप उतरायचा. खाणे अर्धे झाले. जवळच्या दवाखान्यात रक्त काढले, रॅपिड किटवर थेंब टाकला, एर्लिचियासमोर दुसरी रेघ उमटली. प्लेटलेट १ लाख १६ हजार. निदान झाले, डॉक्सिसायक्लिन सुरू झाले. या निदानाला मी वेडेवाकडे म्हणणार नाही. समोरच्या कागदावरून बहुतेकांनी तेच केले असते. म्हणूनच ते समजून घेतले पाहिजे.

कोविडच्या काळात आपण सगळेच दोन रेघांचे किट वाचायला शिकलो. पण ते किट शोधत होते खुद्द विषाणूचे अंश. कुत्र्यांसाठीचे हे किट बहुधा शोधते रक्तातल्या अँटिबॉडी. अँटिबॉडी म्हणजे शरीराने शत्रूविरुद्ध तयार केलेले शिपाई. शत्रू गेल्यावरही ते कित्येक महिने, कधी वर्षे, गस्त घालत राहतात. म्हणून या किटचा प्रश्न 'हा रोग आता आहे का?' असा नसतो. 'या शरीराची या रोगाशी कधी गाठ पडली आहे का?' असा असतो. जिथे गोचीड बारा महिने आहेत तिथे पाच वर्षांच्या कुत्रीने 'हो' म्हणणे नवलाचे नाही. उलट रोग अगदी नवा असेल तर शिपाई तयार व्हायचेच असतात, आणि किट 'नाही' म्हणते.

दुसरी तपासणी काचेवरच्या रक्ताची, म्हणजे स्मिअरची. प्रश्न साधा : 'परजीवी डोळ्यांना दिसतो का?' स्वस्त आणि सव्वाशे वर्षे जुनी पद्धत. पॅटन यांनी हीच वापरली. काच रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचे. बबेसियासाठी कानाच्या टोकाला टोचून काढलेला थेंब घेतात, कारण परजीवी शिरलेल्या पेशी तिथल्या बारीक केशवाहिन्यांत जास्त अडकतात. पण यात बसावे लागते, डोळा तयार असावा लागतो. एर्लिचिया तर आजारी कुत्र्यांतही काचेवर क्वचितच दिसतो. काचेवर दिसला तर आहे. दिसला नाही तर नाही, असे म्हणता येत नाही.

तिसरी पीसीआर. तिचा प्रश्न : 'परजीवीचा जनुकीय धागा या थेंबात आहे का?' आणि असल्यास 'नेमका कोणाचा?' हा दुसरा भाग फार मोलाचा आहे, ते पुढे येईल. मात्र रक्त औषध सुरू करण्याआधी काढलेले असावे. औषधाचे चार डोस झाल्यावर काढले तर धागा सापडेलच असे नाही.

चौथी सर्वांत नेहमीची : सीबीसी, रक्तातल्या पेशींची मोजदाद. ही रोगाचे नाव सांगतच नाही. ती फक्त सांगते, काय किती आहे. कमी की जास्त, हे छापील कागदावरचा शेजारचा रकाना ठरवतो. त्या रकान्याला संदर्भमूल्य म्हणतात. घोटाळा तिथेच होता.

ग्रेहाउंडचे रक्त

रकान्यातली संदर्भमूल्ये येतात कुठून? बऱ्याच निरोगी कुत्र्यांचे रक्त मोजायचे आणि बहुतेकांचे आकडे ज्या दोन टोकांमध्ये बसतात ती टोके छापायची. लॅब्रॅडोर, पामेरियन, गावठी, शेफर्ड, सगळे एकत्र. त्या गर्दीत ग्रेहाउंड असला तर एखादाच.

आणि ग्रेहाउंडचे रक्त गर्दीसारखे नसते. रक्त नळीत घालून गरगर फिरवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात. त्यांचा शेकडा वाटा म्हणजे पीसीव्ही. इतर कुत्र्यांत तो साधारण ३७ ते ५५ असतो. निरोगी ग्रेहाउंडमध्ये तो ५० ते ६५ असतो. शेकडो पिढ्या पळण्यासाठी निवडलेल्या जातीला प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी जास्त लागतात, हे समजण्यासारखे आहे. प्लेटलेट मात्र उलट. इतर कुत्र्यांत साधारण दोन ते पाच लाख, आणि निरोगी ग्रेहाउंडमध्ये ऐंशी हजारांपासून दोन लाखांपर्यंत. अस्थिमज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून तांबड्या पेशी आणि प्लेटलेट निघतात. एकीकडे जास्त माल गेला म्हणून दुसरीकडे कमी, असा एक तर्क यामागे मांडला जातो. पांढऱ्या पेशीही कमीच. इतरांत सहा हजारांपासून सतरा हजारांपर्यंत, ग्रेहाउंडमध्ये बऱ्याचदा चार-पाच हजार. थायरॉइडचा आकडा कमी, क्रिएटिनिन थोडे जास्त. भूल देण्याच्या जुन्या थायोपेंटोनसारख्या औषधांचा निचराही यकृत सावकाश करते, त्यामुळे ग्रेहाउंड तासन्‌तास शुद्धीवर येत नसत.

ही माहिती जमली तीही एका सामाजिक बदलामुळे. अमेरिकेत शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड लोक घरी नेऊ लागले. पाळीव झाल्यावर ते साध्या दवाखान्यांत आले, आणि साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना त्यांचे आकडे चुकीचे वाटू लागले. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत गिलेर्मो कूटो यांनी ग्रेहाउंडच्या आरोग्यासाठी स्वतंत्र उपक्रमच चालवला. त्याआधी, १९९२ मध्ये, फ्लोरिडातल्या ग्रेहाउंडच्या एका अभ्यासात शेकडा ४६ कुत्र्यांच्या रक्तात बबेसियाच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. शर्यतीच्या कुत्राघरांत शेकडो जनावरे एकत्र, म्हणजे गोचिडांसाठी आमच्या गोदामांसारखीच सोय.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गोचीडतापाची ठळक खूण म्हणजे कमी प्लेटलेट. जुनाट एर्लिचियात पांढऱ्या पेशीही घटतात. आणि निरोगी ग्रेहाउंडमध्ये दोन्ही मुळातच कमी. म्हणजे ठणठणीत ग्रेहाउंड कागदावर गोचीडतापाने आजारी दिसतो. त्यात जुन्या अँटिबॉडीमुळे किटवर दुसरी रेघ आली की संशयाला जागाच उरत नाही. नसलेल्या रोगासाठी महिनाभर औषध चालू राहते. ही झाली एक चूक, पैशांची आणि पोटाच्या तक्रारींची.

दुसरी चूक जास्त घातक. तांबड्या पेशी फुटत असलेल्या ग्रेहाउंडचा पीसीव्ही साठवरून पंचेचाळीसवर येतो, तरी तो छापील रकान्यात आरामात बसतो. कागद म्हणतो नॉर्मल. चौथा हिस्सा रक्त गेलेले असते आणि खूण कुठेच नसते.

हरणीच्या दुसऱ्या कागदावर पीसीव्ही होता ४३.

जुना कागद

बारा दिवस डॉक्सिसायक्लिन झाले तरी हरणी उठेना. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, लघवीला गडद रंग. पुन्हा रक्त काढले तेव्हा पीसीव्ही २९. आता मात्र खूण आली. भाऊ रात्री माझ्याकडे आला, म्हणाला, "दादा, तू नुसता वाचत असतोस ना, मग हे वाच." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता. पहिला कागद त्याने मला त्याच दिवशी दाखवला होता, आणि मीही खुणेकडेच बघितले होते.

त्या रात्री मी त्याला एकच विचारले : नसबंदीच्या वेळचा रिपोर्ट आहे का? शोधाशोध करून तो सापडला, गोदामाच्या वीजबिलांच्या फाइलीत. पीसीव्ही ५८. प्लेटलेट १ लाख ३१ हजार.

हिशेबनिसाला हे नवे नाही. वर्षअखेरची शिल्लक कितीही ठसठशीत आकड्यात लिहिलेली असो, आरंभीची शिल्लक माहीत नसेल तर धंदा नफ्यात आहे की तोट्यात हे सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या वहीतली आरंभीची शिल्लक आपल्या वहीत लावून तर कोणीच हिशेब करत नाही. आम्ही हरणीच्या बाबतीत तेच केले होते. तिच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिले असते तर प्लेटलेट किंचित उतरल्या होत्या, आणि तांबड्या पेशी ५८ वरून ४३ वर, चौथ्या हिश्शाने घसरल्या होत्या. पहिल्याच दिवशी प्रश्न बदलला असता : प्लेटलेट कोण खातो हा नव्हे, तांबड्या पेशी कोण फोडतो हा.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोत घालून तिला मुंबईला नेले. तिथल्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, काही बोलल्या नाहीत, कानाच्या टोकाचा थेंब काचेवर घेतला. अर्ध्या तासाने मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. गुलाबी पेशींच्या आत बारीक बारीक अंगठ्या, कडेला जांभळा ठिपका. पॅटन यांचे वर्णन मी वाचले होते. ते असे डोळ्यांपुढे येईल असे वाटले नव्हते. पीसीआरने पुढे तेच नाव दिले : बबेसिया गिब्सोनी.

नाव का महत्त्वाचे

एर्लिचिया हा जीवाणू. त्याच्यावर डॉक्सिसायक्लिन चांगले चालते, साधारण चार आठवडे द्यावे लागते आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचे नसते. बबेसिया हा जीवाणू नव्हे, मलेरियाच्या परजीवीचा दूरचा नातलग. त्यातही दोन तऱ्हा. मोठ्या आकाराचा बबेसिया व्होगेली इमिडोकार्बच्या इंजेक्शनाला जुमानतो. ते दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा देतात. बारीक गिब्सोनी त्याला दाद देत नाही. त्याच्यासाठी ॲटोव्हाक्वोन हे माणसाच्या मलेरियाचे औषध ॲझिथ्रोमायसिनच्या जोडीने दहा दिवस देतात. ते स्निग्ध अन्नाबरोबरच अंगी लागते, आणि महाग असते. म्हणून ते न परवडणाऱ्यांसाठी आपल्याकडे इतर प्रतिजैविकांची सांगडही वापरली जाते. ॲटोव्हाक्वोनला न जुमानणारे गिब्सोनीही आढळले आहेत. म्हणजे नुसते 'गोचीडताप' हे निदान नाही. 'बबेसिया' हेही अर्धेच निदान. पूर्ण नावाशिवाय औषध ठरत नाही.

हरणीला आधी रक्त द्यावे लागले. इथे ग्रेहाउंडची आणखी एक बाजू दिसते. रक्त दाट आणि स्वभाव शांत, म्हणून जगभर ग्रेहाउंड रक्तदाते म्हणून आवडते आहेत. पण गिब्सोनी रक्तातूनही जातो, कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यातूनही जातो, आईकडून पिल्लांकडेही जातो. बरा झालेला कुत्रा आयुष्यभर तो बाळगून असू शकतो. म्हणून दात्याचे रक्त तपासल्याशिवाय घ्यायचे नसते, आणि हरणी आता कधीच रक्तदाती होऊ शकत नाही. उपचार संपल्यावर साठ आणि नव्वद दिवसांनी, अशा दोन पीसीआर तपासण्या कोऱ्या आल्या तरच उपचार लागू पडला असे धरतात. तिची पहिली अजून व्हायची आहे.

भिंतींचा उपचार वेगळा चालू आहे. कुत्रीला गोचीड मारणारी गोळी नियमित, फटी सिमेंटने बुजवल्या, फवारणी पुन्हा पुन्हा. कारण एका फवारणीतून अंडी वाचतात. अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल ओतायचे नाही, बोटांनी चिरडायचा नाही. बबेसिया साधारणपणे गोचीड दोन दिवस चिकटून राहिल्यावर उतरतो, म्हणून रोज अंग चाचपण्याला अर्थ आहे. एर्लिचिया मात्र काही तासांतच उतरू शकतो, म्हणून नुसत्या चाचपण्यावर भागत नाही. गोदामाच्या गल्लीतल्या सहा कुत्र्यांचाही खर्च भावाने उचलला. त्यांना वगळून हरणी वाचणार नाही हे त्याला आमच्याआधी कळले.

आपले कारवान

हे सगळे ग्रेहाउंडपुरते असते तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने घेतली नसती. महाराष्ट्रात ग्रेहाउंड थोडेच. पण आपल्याकडे तशाच बांध्याची स्वतःची जात आहे. लातूर, सोलापूर भागातला कारवान, आणि त्याचा सीमेपलीकडचा भाऊ मुधोळ. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथल्या राजेसाहेब मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली. २००५ साली टपाल खात्याने मुधोळवर तिकीट काढले. आता मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांचे संशोधन केंद्र आहे. शिकारीवर बंदी आल्यापासून ही कुत्री शेतावरून शहरांत येऊ लागली आहेत. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत लांब तोंडाचा, बरगड्या दिसणारा कारवान आता भेटतो, आणि शेजारी मालकाला विचारतात, याला खायला घालत नाही का?

अंगाच्या बाबतीत 'नॉर्मल' चुकीचे लावणे आपल्याला लगेच दिसते. कारवान बारीक आहे, पण उपाशी नाही, हे मालक हसून सांगतो. रक्ताच्या बाबतीत तीच चूक दिसत नाही, कारण ती छापील असते. आता एखादा उत्साही वाचक ग्रेहाउंडचे आकडे कारवानला लावायला निघेल. तीही तीच चूक, फक्त दुसऱ्या शेजाऱ्याच्या वहीतून. जात जवळची म्हणजे रक्त तेच असे नव्हे. सुरक्षित वाट एकच आहे, आणि ती लॅब्रॅडोरपासून गावठीपर्यंत प्रत्येक कुत्र्याला लागू पडते : तो ठणठणीत असताना वर्षातून एकदा साधी सीबीसी करा, कागद जपून ठेवा, आणि आजारात पशुवैद्यापुढे आधी तो कागद ठेवा. खर्च फार नाही. ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी मात्र तो काढून मिळत नाही.

हरणीचा पीसीव्ही आता ५२ आहे. कागदावर त्याच्यासमोर खूण नाही, पण आम्ही अजून निश्चिंत नाही. तिचे ५८ आम्हाला माहीत आहेत. यंदा लक्ष्मीपूजनाला भावाच्या नव्या वहीशेजारी एक पातळ वही ठेवायची ठरली आहे. पहिल्या पानावर तारीख, वजन, पीसीव्ही, प्लेटलेट. मी आयुष्यभर ज्या अक्षरात लोकांची आरंभीची शिल्लक लिहिली, त्याच अक्षरात ते पान लिहून द्यायचे आहे. भाऊ म्हणतो, रस्त्यावरच्या सहांचीही पाने याच वहीत घाल.